कपड्यावरचा आकडा

जबलपूरचे नाव घेतले की भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि तोफगाड्यांचा कारखाना या दोन गोष्टी प्रथम आठवतात. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्यात एका यंत्रावर घडलेला भाग दुसऱ्या यंत्रावर घडलेल्या भागात अचूक बसावा लागतो, आणि त्यासाठी सुटे भाग ‘गेज’ नावाच्या ठरीव मापाच्या साधनाने तपासले जातात. याच शहरात, गोहलपूरच्या लेमा गार्डन भागात आणि जुन्या वस्त्यांतील लहानमोठ्या कारखान्यांत, सलवार-कुडत्यांचे तयार जोड शिवले जातात व परप्रांतांत पाठविले जातात. त्यांच्या गळ्याशीही आकडे टाचलेले असतात : ३८, ४०, ४२. परंतु या आकड्यांना कोणतेही गेज नाही. एका कारखान्याचा ४० क्रमांकाचा कुडता जिला नीट बसतो, तिला शेजारच्या कारखान्याचा ४० कधी खांद्यावरून उतरतो, तर कधी मुंढ्यात काचतो.

याचे पहिले कारण अगदी साधे आहे. ४० म्हणजे कशाचे ४० इंच, हेच ठरलेले नाही. कुडता अंगाला चिकटून बसू नये म्हणून छातीच्या मापापेक्षा दोनतीन इंच अधिक कापड ठेवावे लागते. शिंपी त्याला ‘लूज’ म्हणतात. एक कारखानदार ४० हे अंगाचे माप मानून ४३ इंच घेराचा कुडता कापतो. दुसरा कुडत्याचाच घेर ४० ठेवतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात. त्यात शिवणीची भर पडते. कुडत्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणींत मिळून कापडाच्या चार कडा येतात. प्रत्येक कड अष्टमांश इंच जरी आत ओढली गेली, तरी घेर अर्ध्या इंचाने घटतो. शिवाय सुती कापड आधी धुऊन आटवले नसेल आणि ते शेकडा पाच आटले, तर ४० इंचांचे ३८ होतात. म्हणजे पहिल्याच धुण्यात एक संपूर्ण क्रमांक नाहीसा होतो.

ही अडचण तुलनेने नवी आहे. साडी, धोतर, उपरणे या वस्त्रांना लांबी-रुंदी असे, पण क्रमांक नसे. ग्वारीघाटावर नर्मदेत बुडी मारणाऱ्या स्त्रीचे लुगडे सडपातळ अंगालाही पुरे आणि स्थूल अंगालाही. पुढे शिवलेले कपडे घरोघर आले तेव्हा शिंप्याची मापपट्टी आली. त्याच्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे छाती, कंबर, सीट, मुंढा आणि बाही यांचे आकडे लिहिलेले असत, आणि ते त्या एका व्यक्तीचेच असत. तयार कपड्याने ही वही मिटली. न पाहिलेल्या अंगासाठी कापड कापायचे, तर त्या अंगाची कल्पना करणे भाग पडते. क्रमांक म्हणजे त्या कल्पनेला दिलेले नाव होय.

या कल्पनेच्या जागी प्रत्यक्ष मोजणी आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. पुरुषांच्या कपड्यांना तेथील यादवी युद्धातील गणवेशांच्या मापांचा आधार मिळाला होता. स्त्रियांच्या कपड्यांना तसे काहीच नव्हते. १९३९-४० मध्ये रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी सरकारी कृषी खात्यातर्फे सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. केवळ छातीच्या मापावरून उरलेले शरीर ताडता येत नाही, हा त्यातील महत्त्वाचा बोध होता. मात्र पाहणीत दोषही होते. गोऱ्या नसलेल्या स्त्रियांची मापे हिशेबातून वगळण्यात आली. सबंध राष्ट्राचे म्हणून जे कोष्टक पुढे आले, ते वस्तुतः एका गटाचे होते. त्याच्या आधारे १९५८ मध्ये अधिकृत प्रमाण जाहीर झाले : ८ ते ३८ हे आकडे, उंचीसाठी अक्षरे, आणि नितंबांच्या घेरासाठी अधिक-उणे चिन्हे. व्यापाऱ्यांना इतका तपशील नको होता. लहान आकडा वाचून गिऱ्हाईक सुखावते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि तेच माप हळूहळू खालच्या आकड्याने विकले जाऊ लागले. १९७० नंतर हे प्रमाण ऐच्छिक राहिले आणि १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. आजही साधारणतः एकाच अंगाला अमेरिकेत ८, ब्रिटनमध्ये १२, जर्मनीत ३८ आणि इटलीत ४४ असे क्रमांक मिळतात.

या सर्व गोंधळाची खरी कसोटी पोहण्याच्या पोशाखात लागते. सैल कुडत्यातील एक इंचाची चूक ओढणीखाली झाकली जाते. येथे झाकणारे काहीच नसते. बहुतेक तलावांवर सुती कपडे घालून उतरू देत नाहीत, म्हणून हा पोशाख घेण्यावाचून गत्यंतर नसते. त्याचे गणितही उलटे आहे. कुडत्यात लूज अधिक धरतात, पोहण्याचा पोशाख मात्र अंगापेक्षा लहान कापतात. कारण ओले कापड जड होऊन लोंबू नये, ते ताणून अंगाशी राहावे. हा ताण स्पँडेक्स या धाग्यामुळे शक्य होतो. जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञाने ड्यूपाँ कंपनीत तो १९५८ मध्ये सिद्ध केला. धाग्याचे प्रमाण बदलले की ताण बदलतो, म्हणून एकाच फर्म्यावर कापलेले दोन पोशाखही सारखे बसत नाहीत.

त्याहून मोठी अडचण उंचीची आहे. अखंड पोशाख खांद्यावरून निघून दोन पायांमधून पाठीमागे पुन्हा त्याच खांद्यापर्यंत येतो. हा वेढा धडाच्या लांबीवर अवलंबून असतो, आणि लेबलावर त्याचा उल्लेख सहसा नसतो. छाती व नितंब यांची मापे तंतोतंत सारखी असलेल्या दोघींपैकी लांब धडाच्या स्त्रीच्या खांद्यात पट्टे रुततात, आखूड धडाच्या स्त्रीच्या अंगावर तेच ढिले पडतात. पहिलीला दुकानदार मोठा क्रमांक देतो. मग वेढा पुरतो, पण छातीशी कापड सुटते. आरोग्याच्या नियमामुळे घेतलेला पोशाख बहुधा परतही करता येत नाही. अशा वेळी ती स्त्री कापडाला दोष न देता स्वतःच्या शरीराला देते आणि पोहायला शिकण्याचा बेत तेथेच सोडते. हा अन्याय लहान म्हणता येणार नाही. कारण चूक तिची नसून फर्म्याची असते.

भारतीय अंगांची स्वतंत्र मोजणी करण्याची योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने १५ ते ६५ वर्षे वयाच्या २५ हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय यंत्राने घ्यावयाची होती. त्यासाठी दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग ही सहा शहरे निवडली गेली. नर्मदेच्या खोऱ्यातील एकही शहर त्यांत नाही. आणि कोष्टक कितीही चांगले असले, तरी लेबलावर नुसता क्रमांक छापून भागत नाही. युरोपीय प्रमाणात मनुष्याकृतीचे छोटे चित्र काढून छाती, कंबर व उंची यांचे अंगाचे माप सेंटिमीटरमध्ये देण्याची सोय आहे. जबलपूरच्या कारखानदाराला तेवढे छापण्यास नवे यंत्र लागणार नाही. ४० हा आकडा अंगाचा की कुडत्याचा, एवढे मात्र त्याला आधी ठरवावे लागेल.