किल्ल्यावरच्या मावळ्याचा भाव: आपण नेमकं काय मोजतोय?



पीएच.डी.चा विषय म्हटलं की तो भारदस्तच असला पाहिजे, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. मी दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या भावाबद्दल बोलायला लागलो की लोक हसतात. पण संशोधनातला सगळ्यात अवघड प्रश्न मला याच मावळ्यांनी शिकवला. तो प्रश्न म्हणजे, आपण नेमकं काय मोजतोय?

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. दिवाळीच्या आधी वही घेऊन संगमनेरच्या बाजारात गेलो. पथारी असो, हातगाडी असो की दुकान, मावळे दिसले की भाव विचारायचा आणि लिहायचा. दोन तासांत तीन पानं भरली. घरी येऊन सरासरी काढली आणि मोठ्या खुशीत सरांना दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, "ही सरासरी कशाची आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकाच रकान्यात बोटाएवढा भालाईत होता, घोडेस्वार होता, तोफ होती आणि सिंहासनावरचे महाराजही होते. काही भाव सुट्या नगाचे, काही डझनाचे. तीन पानं वाया गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हा लेख.

भाव वस्तूचा नसतो, गुणांचा असतो

आपल्या तालुक्यातल्या कुठल्याही टोमॅटोवाल्या शेतकऱ्याला विचारा, प्रतवारी केल्याशिवाय भाव निघत नाही हे तो सांगेल. फ्रेडरिक वॉ नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९२८ मध्ये हेच केलं. बोस्टनच्या बाजारातले टोमॅटो, काकड्या आणि ॲस्परॅगस घेऊन रंग, आकार अशा गुणांमुळे भाव किती बदलतो ते त्यानं मोजलं. ॲस्परॅगसच्या जुडीत हिरवा भाग जितका लांब, तितका भाव जास्त, असं त्याला दिसलं. पुढे केल्विन लँकेस्टर (१९६६) आणि शेर्विन रोझेन (१९७४) यांनी या विचाराला सिद्धांताची बैठक दिली. या पद्धतीला 'हेडॉनिक प्रायसिंग' म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे: वस्तू म्हणजे गुणांचा गठ्ठा, आणि प्रत्येक गुणाला आपापला भाव असतो.

मावळ्यावर लावून बघू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत. समजा, तीन इंची मातीचा उभा मावळा २० रुपयांना आहे. तोच, तेवढाच, पण घोड्यावर बसलेला ५० ला. म्हणजे घोड्याचे ३० रुपये. तोच उभा मावळा फायबरचा असेल तर ४५ ला, म्हणजे न फुटण्याचे २५. एका वेळी एकच गुण बदलला तरच हे असं थेट सांगता येतं. खऱ्या बाजारात सगळे गुण एकदम बदलतात, म्हणून आपण रिग्रेशन वापरतो. घोडा असेल तर १, नसेल तर ०. फायबर असेल तर १, नसेल तर ०. प्रत्येक गुणासमोर जो गुणांक येतो, तो त्या गुणाचा भाव.

इथं एक खाच आहे. महाराजांची मूर्ती त्याच उंचीच्या मावळ्यापेक्षा महाग असते. का? त्यात माती जास्त असते का? थोडीफार असेलही. पण किल्ल्यावर महाराज एकच लागतात आणि त्यांच्याशिवाय किल्ला पुरा होत नाही. विसावा मावळा मात्र नसला तरी चालतो. शिवाय कोण काय मांडतंय यावरही मागणी ठरते. १६७९ मध्ये जालन्याहून परतताना संगमनेरजवळ मोगल फौजेशी लढाई झाली आणि त्यानंतर महाराज पट्टागडावर येऊन विसावले, म्हणून तो विश्रामगड. नुसता पट्टागड करणाऱ्या पोराला चार पहारेकरी पुरतात. ती लढाई मांडणाऱ्याला दोन्ही बाजूंची फौज लागते. वस्तू तीच, पण दोघांच्या लेखी तिचं मोल वेगळं.

महाग म्हणजे किती महाग?

हा छंद फक्त आपल्याकडे नाही. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीनं १८९३ मध्ये शिशाचे आतून पोकळ सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागलं, सैनिक स्वस्त झाले आणि जर्मन भरीव सैनिकांना टक्कर मिळाली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा सैनिकांनी खेळायच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात लिहिले. आज 'वॉरहॅमर' बनवणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारातल्या पहिल्या शंभरांत, म्हणजे एफटीएसई १०० मध्ये, २०२४ च्या डिसेंबरात दाखल झाली.

गंमत अशी की हे महागडे सैनिक बहुतेकदा सुटे भाग म्हणून मिळतात. कापायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे आपण. रंग, ब्रश, गोंद वेगळा. मग डब्यावरची किंमत ही सैन्याची किंमत झाली का? नाही, ती फक्त सुरुवात झाली. भारतात आणायचे तर कराचाही विचार आला. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के.

म्हणून 'महाग' लिहायच्या आधी भागाकार कशानं करायचा ते ठरवा. नगानं, सेटानं की वापराच्या वर्षांनी? परत समजा, मातीचा २० रुपयांचा मावळा एका दिवाळीतच फुटतो आणि फायबरचा ४५ चा पाच दिवाळ्या माळ्यावरच्या खोक्यात टिकतो. मग वर्षाला एक २० ला पडला, दुसरा ९ ला. नगाच्या हिशेबात स्वस्त असलेला वर्षाच्या हिशेबात महाग निघाला. दोन्ही आकडे खरे आहेत. प्रश्न तुमचा कुठला, ते तुम्ही ठरवायचं.

आपण रंगवलेला तो मोलाचा

लहानपणी मी एका मावळ्याला पिवळी पगडी रंगवली होती. रंग मिशांवर ओघळला होता. तो आजही मी कुणाला दहापट किमतीत देणार नाही. हा नुसता हळवेपणा नाही, त्यावर प्रयोग झालेत. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये छापलेल्या प्रयोगांत काहींना कॉफीचे मग दिले. मग हातात आलेल्यांनी विकायला मागितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. नॉर्टन, मोशॉन आणि एरिएली यांच्या २०१२ च्या अभ्यासात स्वतः जोडलेल्या साध्या आयकिया खोक्यासाठी लोकांनी तयार खोक्यापेक्षा ६३ टक्के जास्त किंमत लावली.

म्हणून 'योग्य किंमत किती?' हा प्रश्न प्रश्नावलीत तसाच टाकू नका. घेणारा एक आकडा सांगेल, खोक्यात जपून ठेवणारा दुसरा.

भावात न दिसणारं

त्या दिवशी बाजारात एका मावशींना मी विचारलं होतं, "मावशी, हा कसा दिला?" त्या म्हणाल्या, "घ्यायचा असंल तर सांगते, लिहायला कशाला सांगू?" चूक माझी होती. आपण विद्यार्थी आहोत, कशासाठी विचारतोय, हे आधी सांगायला हवं होतं. सांगितल्यावर त्या मोकळेपणानं बोलल्या. सांगितलेला भाव आणि घासाघीस होऊन ठरलेला भाव वेगळा, हे तिथंच कळलं. मग मी विचारलं, "रंगवायला किती वेळ लागतो?" त्या हसल्या. "रातच्याला जेवणं झाली की सगळी बसतो, पोरंबी बसत्यात. येळ कोण मोजतंय?"

माझ्या रिग्रेशनमध्ये घोड्याला भाव होता, फायबरला होता. या रात्रींना कुठलाच रकाना नव्हता. हेडॉनिक पद्धत घेणारा कशासाठी किती देतो ते सांगते. त्यात बनवणाऱ्याची मजुरी सुटली का, हे ती सांगत नाही. मातीचा मावळा स्वस्त आहे, म्हणजे कमी खर्चाचा आहे, असा निष्कर्ष मी काढणारच होतो. खरं तर त्याचा निम्माअधिक खर्च कुणी धरलेलाच नसेल. चुकीचा आकडा प्रबंधात गेला की पुढचा माणूस तो खरा धरून चालतो, आणि त्या रात्री कायमच्या फुकट ठरतात.

बाजारात जाण्याआधी

वहीत हे रकाने आखा: उंची, माती की पीओपी की फायबर, उभा की घोड्यावर, हातानं रंगवलेला की यंत्रानं, सुटा की डझन, सांगितलेला भाव, ठरलेला भाव, दिवाळीला किती दिवस राहिले. लक्ष्मीपूजनानंतरचा भाव वेगळा लिहा. बनवणारा भेटला तर किती जण, किती रात्री, हेही विचारा.

आणि सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, एक वाक्य लिहा: मी भाव मोजतोय, खर्च मोजतोय की मोल? ते वाक्य लिहिता येईपर्यंत बाजारात जाऊ नका. गेलातच, तर निदान एक मावळा विकत घ्या. मावशींचा वेळ आपण घेतलेला असतो.