रूप पाहावे की राखण?

मुलासाठी मुलगी पाहायची म्हटले की पहिली चर्चा रंगाची. मुलीसाठी स्थळ आले की मुलाचा फोटो घरभर फिरतो. आपल्या भिवंडीच्या वळमध्ये काय किंवा कोकणात काय, रीत तीच. स्वभावाची चौकशी मागाहून.

माशांतही रूपाला किंमत आहे. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती समुद्रात प्रवाळ आहेत. १९८७ साली हा परिसर सागरी अभयारण्य झाला. तेथे अंगावर उभे काळे पट्टे असलेले ‘सार्जंट’ मासे दिसतात. त्यांच्या गटाचे शास्त्रीय नाव ‘अबुडेफडफ’ हे मूळ अरबी आहे. स्वीडिश अभ्यासक फोर्सकोल याने तांबड्या समुद्राकाठी हे मासे नोंदवले. १७६३ साली तो येमेनमध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ १७७५ साली निघाला. ‘अबू’ म्हणजे बाप. या माशाला हे नाव शोभते!

विणीच्या दिवसांत नराचा रंग गडद निळसर होतो. तो खडकाचा तुकडा साफ करतो आणि मादीला तेथे बोलावतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढे अंडी फुटेपर्यंत नरच परांनी पाणी हलवतो आणि चोरट्या माशांना हुसकावतो.

मग मादी काय पाहते? याच कुटुंबातल्या दुरंगी डॅमसेल माशावरचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. जो नर जास्त जोमाने मादीला बोलावतो, त्याच्याकडे माद्या अधिक जातात आणि त्याच्या राखणीतली अंडीही जास्त टिकतात, असे त्यात दिसले. म्हणजे तो जोम नुसता दिखावा नव्हता, पुढच्या राखणीची ती खूण होती.

कॅरिबियन समुद्रातल्या निळ्या डोक्याच्या रास माशात तर आणखी वेगळे आढळले. वॉर्नर या अभ्यासकाने नर बदलून पाहिले, तरी माद्या आपल्या ठरलेल्या जागीच येत राहिल्या. देखण्या नरापेक्षा जागा त्यांना महत्त्वाची होती.

माणूस मासा नव्हे. आपल्याला अक्कल आहे, विचारायला तोंड आहे. म्हणून फोटो जरूर पाहा, पण सोबत हेही विचारा: घरात कोणी आजारी पडले तर हा मुलगा काय करतो? बहिणींशी कसा बोलतो? कमाई कोठे घालवतो? आणि सावळ्या मुलीला नकार देण्याआधी तिच्याशी दोन शब्द बोलून पाहा. निकाहानंतरचा संसार रंगावर चालत नाही.