पत्र्याखालची फुली

जाड पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या घ्या. टोकांना टाचण्या टोचून चौकोन करा आणि एक कोपरा ढकला. कलंडला ना? आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोरा ताणून बांधा. एका बाजूने ढकलले तर चौकोन हलत नाही. दुसरीकडून ढकलले की दोरा सैल, चौकोन आडवा! दुसऱ्या दोऱ्याने फुली केली की झाला पक्का. दोऱ्याऐवजी तिरपी पट्टी लावली तर मात्र एकच पुरते. ती ओढही सोसते आणि दाबही.

आमच्या शाळेच्या अंगणात पत्र्याची शेड बांधताना हाच प्रश्न आला. लोखंडी कैच्या ओळीने उभ्या, त्यांवर आडव्या पर्लिन. नुसते चौकोनच चौकोन! कारागीर म्हणाला, "बाई, पत्रा ठोकला की सगळं घट्ट होतं. तिरक्या सळया कशाला?" मला काही पटेना. वादळात आधी उडतो तो पत्राच की!

कौलांचे वजन छपराला दाबून धरते. पत्रा हलका. जोराचा वारा त्याला वर ओढतो, आणि कैचीची एरवी ताणलेली खालची दांडी दाबली जाते. दाबल्यावर काय होते? प्लॅस्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा. फटकन बाजूला वाकेल. मधोमध कुणीतरी चिमटीत धरली, तर वाकवायला जवळजवळ चौपट जोर लागतो.

अमेरिकेत हार्टफर्ड इथल्या क्रीडागृहाचे पोलादी छत १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराने कोसळले. काही तासांपूर्वी तिथे सुमारे ५,००० प्रेक्षक होते! सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. इतर चुकांबरोबर, दाबाखालच्या वरच्या दांड्यांना बाजूने पुरता आधार नव्हता, असे चौकशीत आढळले.

एका विद्यार्थ्याचे वडील इंजिनिअर. त्यांनी छपराच्या दोन्ही उतारांवर, टोकांच्या खणांत, सळयांच्या फुल्या घालायला लावल्या. सळई स्वस्त, पण दोऱ्यासारखीच, म्हणून जोडीने. कैच्यांच्या खालच्या दांड्या मात्र जाड अँगलने एकमेकींना बांधल्या. खांबांमध्ये फुली नको, धावताना मुलांची डोकी आपटतील. तिथे वरच्या कोपऱ्यांत आखूड तिरपे टेकू दिले.

मधल्या सुट्टीत चौथीच्या मुलांनी माना वर करून फुल्या मोजल्या : चार. एकाने विचारले, "बाई, मधल्या खणांत का नाहीत?"

सांगा पाहू!

(उत्तर : पर्लिन मधल्या कैच्यांना टोकांच्या पक्क्या खणांशी जोडून धरतात.)