जेवणाशी भांडण कशाला?

सोमवारी डाएट सुरू होतं, बुधवारी ऑफिसमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक कापला जातो आणि गुरुवारी ‘माझ्याकडून काही होणारच नाही’ असं म्हणत आपण स्वतःलाच दोष देत बसतो. तुमच्याही बाबतीत असं घडतं का? मग आधी हे वाचा.

उपाशी शरीर काय करतं?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. ३६ धडधाकट तरुण त्यात स्वेच्छेने सामील झाले. १९४५मध्ये सुमारे सहा महिने त्यांना नेहमीच्या निम्म्याच्या आसपास अन्न दिलं गेलं. त्यांचं वजन जवळपास पाव भागाने घटलं, पण सोबत चिडचिड, उदासी आणि थकवाही आला. डोक्यात दिवसभर जेवणाचेच विचार! काही जण तर चक्क पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे भरपूर जेवण मिळू लागलं, तरी कित्येकांचं समाधान होईना.

आता स्वतःकडे पाहा. सकाळी नाश्ता टाळला, दुपारी नुसती काकडी खाल्ली आणि रात्री फरसाणाचा डबा रिकामा झाला, तर त्यात नवल ते काय? शरीर आपली भूक वसूल करतंच.

हे करून पाहा

• जेवण चुकवू नका. पोळी-भाजी, वरण-भात, ताक असं साधं जेवण वेळेवर घ्या. मग रात्रीची खा-खा आपोआप कमी होते.

• पदार्थाला गुन्हेगार ठरवू नका. सणाला पुरणपोळी निवांत बसून, चवीने खा. दुसऱ्या दिवशी त्याची शिक्षा म्हणून उपाशी राहू नका.

• भूक ओळखा. पोटात कावळे ओरडताहेत की कंटाळा आलाय? कंटाळा असेल तर एक फेरी मारून या, मैत्रिणीला फोन करा.

• फक्त काट्यावर विसंबू नका. झोप कशी लागते, जिना चढताना दम लागतो का, हेही पाहा. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि महिलांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या. आरोग्याची काळजी घ्या, पण स्वतःचा राग राग न करता.

• घरातलं बोलणं बदला. ‘किती सुटलीस गं!’ किंवा ‘अगदीच काडी झालास रे!’ हे आपण सहज बोलून जातो, पण मुलं ते वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. त्याऐवजी ‘कशी आहेस?’ असं विचारा.

मदत कधी घ्यावी?

खाण्यावरचा ताबा वारंवार सुटत असेल, लपून खावं लागत असेल किंवा खाल्ल्यावर कुणी मुद्दाम उलट्या करत असेल, तर हा आजार असू शकतो. लाजू नका, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. मधुमेह किंवा थायरॉइड असेल, तर आहारातले बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.

आज रात्री ताटावर बसाल, तेव्हा मोबाइल बाजूला ठेवा आणि पहिला घास सावकाश चावून खा. सुरुवात इथूनच करा.