पासपोर्टवरचा पत्ता आणि हुकलेलं मत

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ भारतीयांची नावं मतदार यादीत होती. केंद्रावर येऊन मत दिलं ते २,९५८ जणांनी, आणि त्यातले २,६७० एकट्या केरळचे. महाराष्ट्रातले फक्त १७. वसंतराव आणि सुधाकरराव नाईक यांच्या रूपानं राज्याला दोन मुख्यमंत्री देणाऱ्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदची मुलं आज परदेशात नोकरी-शिक्षण करतात; वणी, दारव्हा, यवतमाळचीही करतात. घरच्यांशी रोज बोलतात, गावच्या राजकारणावर हिरिरीनं मतं मांडतात. मतदानाचा विषय निघाला की मात्र ठरलेली चार-पाच वाक्यं ऐकू येतात. त्यातली बहुतेक चुकीची आहेत.

“देश सोडला की मत गेलं.” २०११ च्या आधी हे बऱ्याच अंशी खरं होतं. यादीत राहायला त्या ठिकाणचं ‘सर्वसाधारण वास्तव्य’ लागायचं, त्यामुळे दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्याचं नाव वगळलं जाई. पुढे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये कलम २०-क आलं आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशस्थ भारतीयाला नमुना ६-अ भरून मतदार होता येऊ लागलं. अट नागरिकत्वाची. भारतीय पासपोर्ट हातात असेल आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं नसेल, तर ग्रीन कार्ड असो की आखातातला वर्क व्हिसा, हक्क शाबूत आहे. अमेरिकेचं किंवा ब्रिटनचं नागरिकत्व घेतलेल्यांचा मात्र नाही. त्यांच्याकडच्या ओसीआय कार्डानं येणं-जाणं सोपं होतं, मत मिळत नाही.

“मी यवतमाळचा, म्हणजे माझं मत यवतमाळलाच.” इथे सर्वांत जास्त मंडळी अडकतात. परदेशस्थ मतदाराची नोंदणी पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर होते. आपल्याकडची मुलं शिकून आधी पुण्याला नोकरी धरतात, तिथेच पासपोर्ट काढतात आणि मग परदेशी जातात. पासपोर्टवर हिंजवडी किंवा खराडीचा पत्ता असेल, तर आईवडील दारव्ह्यात राहत असले तरी ६-अ मधून मत पुण्याकडेच जाणार. गावाला मत द्यायचं तर आधी पासपोर्टवर गावचा पत्ता हवा. नूतनीकरणाची वेळ येईल तेव्हा हा विचार जरूर करावा.

पत्ता जिल्ह्यातला असला, तरी मतदारसंघ आणि तारीख तपासावीच लागते. यवतमाळ जिल्ह्यात विधानसभेच्या सात जागा. यवतमाळ, राळेगाव, दिग्रस आणि पुसद या चार यवतमाळ-वाशिम लोकसभेत, वणी आणि आर्णी चंद्रपूरमध्ये, उमरखेड हिंगोलीत. २०२४ मध्ये यवतमाळ-वाशिम आणि हिंगोलीचं मतदान २६ एप्रिलला झालं, चंद्रपूरचं १९ एप्रिललाच उरकलं होतं. ‘आपल्या जिल्ह्यात २६ ला’ एवढंच ऐकून विमानाचं तिकीट काढणाऱ्या वणीकराच्या हाती काय लागलं असतं?

“दूतावासात किंवा ऑनलाइन मत देता येतं.” येत नाही, आणि मला सर्वांत जास्त खटकते ती हीच गोष्ट. अर्ज ऑनलाइन भरता येतो, पण मत द्यायला त्या दिवशी, त्याच केंद्रावर, मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. सैनिकांना आणि परदेशात नेमलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना टपाली मतपत्रिका मिळते, खासगी नोकरी करणाऱ्याला नाही. प्रतिनिधीमार्फत मतदानाची तरतूद करणारं विधेयक लोकसभेनं ऑगस्ट २०१८ मध्ये मंजूर केलं होतं. राज्यसभेची मंजुरी राहिली आणि २०१९ मध्ये ती लोकसभा विसर्जित होताच ते बाद झालं. २०२० मध्ये निवडणूक आयोगानं परदेशस्थांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं टपाली मतपत्रिका पाठवण्याची तयारी कळवली, तरीही ती सोय त्यांच्यापर्यंत पोचली नाही. फ्रान्सनं तर परदेशातल्या आपल्या नागरिकांसाठी संसदेत ११ वेगळे मतदारसंघ ठेवले आहेत. त्यात अंतराचाही फरक आहे. आखातातून विमानानं केरळ चार तासांवर आहे. न्यू जर्सीहून निघालेल्याला नागपूर गाठून पुढे यवतमाळपर्यंत दीडशे किलोमीटर रस्त्यानं यायचं असतं, आणि तेही एका मतासाठी रजा आणि तिकीट पदरचं घालून. १७ हा आकडा पाहून ‘यांना देशाची पडलेली नाही’ म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. हक्क दिला आणि बजावायची वाट दिली नाही, ही त्रुटी कायद्याची आहे.

“वोटिंग कार्ड घरी कपाटात आहे, आलो की देईन.” कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं. तात्पुरतं बाहेर गेल्यानं वास्तव्य तुटत नाही हे खरं. पण वर्षानुवर्षं बाहेर असलेल्याचं नाव यादीच्या पडताळणीत वगळलं जाऊ शकतं, आणि हे कळतं ते केंद्रावर पोचल्यावर. ६-अ भरताना जुनं कार्ड परत करावं लागतं आणि नवं मिळत नाही. ओळख पासपोर्टनंच पटवायची. दोन ठिकाणी नाव ठेवणं बेकायदा आहे.

अर्जासोबत फोटो, पासपोर्टच्या फोटो-पत्त्याच्या पानांच्या आणि व्हिसाच्या प्रती जोडाव्या लागतात. मग बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, पासपोर्टवरच्या पत्त्यावर खात्री करायला येतात, तेव्हा घरच्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. दार बंद दिसलं की काम लांबतं. कायमचं परत आल्यावर साधा नमुना ६ भरून नेहमीचं मतदार होता येतं.

या सगळ्याला वेळ लागतो. २०२४ चं वेळापत्रक १६ मार्चला जाहीर झालं आणि चंद्रपूरमध्ये उमेदवारी अर्जांची मुदत २७ मार्चला संपली. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागत असल्यानं मतदार नोंदणीचा अर्ज या मुदतीच्या साधारण दहा दिवस आधी पोचायला हवा. म्हणजे घोषणा ऐकून जागं होणाऱ्या वणीकर-आर्णीकराला जेमतेम एक दिवस मिळाला. नोंदणी मात्र वर्षभर चालू असते.