तुमच्या गाडीत बूस्टर सीट नीट बसेल का? विकत घेण्याआधी हे तपासून बघा

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की गाडीने गावाला जायचे बेत सुरू होतात. कुणी बंगळुरूहून कोल्हापूरला, कुणी इंदूरहून जळगावला, कुणी सुरतहून नाशिकला. पाणी, खाऊ, उलटीच्या गोळ्या, चार्जर, सगळ्याची यादी होते. पण मागच्या सीटवर बसणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाचं काय? लहानपणी घेतलेली कार सीट आता त्याला पुरत नाही. गाडीचा सीट बेल्ट लावला तर तो मानेला घासतो. मग बेल्ट निघतो आणि मूल पुढच्या दोन सीट्सच्या मध्ये उभं राहून गप्पा मारत बसतं.

नेमकी याच वयासाठी बूस्टर सीट असते. ऑनलाइन शोधलं की भरपूर पर्याय दिसतात आणि बहुतेकांवर ‘सर्व गाड्यांसाठी योग्य’ असं लिहिलेलं असतं. सीट घरी येते, गाडीत ठेवली जाते आणि मग कळतं की ती डुगडुगते आहे, बक्कल लागत नाही किंवा शेजारी आजीला बसायला जागाच उरली नाही. पैसे खर्च करून आणलेली सीट आठवड्याभरात माळ्यावर जाते. असं होऊ नये म्हणून काय बघायचं, ते समजून घेऊया.

बूस्टर सीट नेमकं काय करते?

गाडीचा सीट बेल्ट मोठ्या माणसाच्या मापाने बनवलेला असतो. लहान मुलाला तो लावला की कमरेचा पट्टा वर सरकून पोटावर येतो आणि खांद्याचा पट्टा मानेवर. अपघातात बेल्टचा सगळा जोर हाडांवर यायला हवा, म्हणजे कमरेच्या आणि खांद्याच्या हाडांवर. तो जोर पोटावर आला तर आतल्या अवयवांना इजा होऊ शकते. बूस्टर सीट मुलाला थोडं उंच बसवते, त्यामुळे तोच बेल्ट योग्य जागी येतो. मुलाला धरून ठेवण्याचं काम गाडीचा बेल्टच करतो, बूस्टर फक्त मुलाला त्या बेल्टच्या मापात बसवते.

‘आम्ही मांडीवर घट्ट धरून बसतो की’ असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. तेव्हा हा साधा हिशोब सांगा. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असताना धडकली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर २० किलोच्या मुलाला जागेवर धरून ठेवायला सुमारे २८० किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते. इतकी ताकद कुणाच्याच हातात नसते, मग माया कितीही असो.

कायदा काय म्हणतो?

२०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम १९४ब नुसार १४ वर्षांखालील मूल सीट बेल्ट किंवा मुलांच्या सुरक्षा सीटशिवाय गाडीत असेल, तर १००० रुपये दंड आहे. या कलमात ‘बेल्ट किंवा सीट’ असं म्हटलं आहे. कोणत्या उंचीच्या मुलाला नुसता बेल्ट चालेल, हे ते सांगत नाही. ते पालकांनाच ठरवावं लागतं.

त्यासाठी इतर देशांचे नियम उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटीमीटर उंचीचं होईपर्यंत सीट वापरावी लागते. जर्मनीत हीच मर्यादा १२ वर्षं किंवा १५० सेंटीमीटर आहे. आपल्याकडे ‘आता शाळेत जायला लागला, कशाला हवी सीट’ असं म्हणतात. पण पहिलीतलं मूल या उंचीपासून अजून बरंच लांब असतं.

कोणती बूस्टर घ्यायची?

मुख्य प्रकार दोन आहेत.

• पाठ असलेली बूस्टर: हिला पाठ, डोक्याच्या बाजूला आधार आणि खांद्याचा बेल्ट अडकवायची खोबण असते. मूल झोपलं तरी डोकं बाजूला कलंडत नाही. लांबच्या प्रवासासाठी आणि लहान मुलांसाठी हीच चांगली.

• बिनपाठीची बूस्टर: ही फक्त बैठक असते. हलकी असल्याने सहज दुसऱ्या गाडीत नेता येते. पण ही उंच मुलांसाठी आहे. गाडीच्या सीटची पाठ किंवा हेडरेस्ट मुलाच्या कानांपर्यंत येत असेल, तरच ती वापरा.

सीटवरचं लेबल वाचायला विसरू नका. सीटच्या लेबलवर तुम्हाला दोनपैकी एक आंतरराष्ट्रीय मानक दिसेल. जुन्या आर-४४ मानकात सीट वजनाप्रमाणे ठरते. त्यात १५ ते २५ किलो हा गट २ आणि २२ ते ३६ किलो हा गट ३. नव्या आर-१२९ मानकात सीट उंचीप्रमाणे ठरते. युरोपात आर-४४च्या सीट्सची विक्री सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली आहे. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे. यांपैकी एकही खूण सीटवर नसेल, तर ती फक्त गादी आहे असं समजा आणि घेऊ नका.

मूल पाच पट्ट्यांच्या कार सीटमध्ये अजून बसत असेल, तर बूस्टरची घाई करू नका. त्या सीटची वजनाची किंवा उंचीची मर्यादा संपली, की मगच बदला. शिवाय बूस्टरमध्ये मुलाने सरळ बसून राहायला हवं. सारखं बेल्टमधून हात काढणारं, पुढे वाकणारं मूल अजून तयार झालेलं नाही.

आता गाडीकडे वळूया

सीट चांगली असूनही गाडीत का बसत नाही, याची कारणं बहुतेक वेळा गाडीतच असतात. मोजपट्टी घ्या आणि मागचं दार उघडा.

१. तीन जागी अडकणारा बेल्ट आहे का?
बूस्टरला कमरेचा आणि खांद्याचा असा पूर्ण बेल्ट लागतो. जुन्या गाड्यांमध्ये मागच्या मधल्या जागी फक्त कमरेचा पट्टा असतो. तिथे बूस्टर लावायची नाही. अशा गाडीत खिडकीकडची जागाच निवडा.

२. शेजारी कोण बसणार?
लहान हॅचबॅकमध्ये मागे तीन मोठी माणसं कशीबशी बसतात. तिथे रुंद बूस्टर ठेवली की उरलेल्या दोघांची अडचण होते. बूस्टरची सर्वांत रुंद जागा किती आहे ते बघा. पाठ असलेल्या सीटमध्ये ती बऱ्याचदा खांद्यापाशी असते आणि काही सीट्समध्ये कप ठेवायच्या खाचेमुळे रुंदी वाढते. दोन मुलं आणि आजी अशी बैठक असेल, तर अरुंद सीटच शोधा.

३. बक्कल कुठे आहे?
सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. काही गाड्यांत बक्कल गादीच्या आत रुतलेलं असतं, काहींत ते सैल पट्ट्यावर असतं. बूस्टर ठेवल्यावर ते तिच्याखाली दाबलं गेलं, तर दर वेळी हात घालून शोधावं लागतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला तर ते स्वतः लावताच येत नाही. बक्कल बूस्टरच्या कडेवर घासत किंवा वाकत असेल, तर ती सीट तुमच्या गाडीसाठी नाही.

४. गादी सपाट आहे की खोलगट?
मागच्या सीटला दोन्ही बाजूंना उंचवटे आणि मध्ये खोलगट भाग असेल, तर रुंद तळाची बूस्टर उंचवट्यांवर टेकते आणि डुगडुगते. बूस्टरचा तळ गादीवर पूर्ण टेकायला हवा.

५. हेडरेस्ट मध्ये येतो का?
पाठ असलेली बूस्टर गाडीच्या पाठीला चिकटून बसली पाहिजे. हेडरेस्टमुळे ती पुढे ढकलली जात असेल, तर हेडरेस्ट वर करून किंवा काढून बघा. काही गाड्यांमध्ये मागचा हेडरेस्ट सीटलाच जोडलेला असतो, तो निघत नाही. अशा वेळी सीटच्या माहितीपुस्तकात काय सांगितलं आहे ते वाचा.

६. सीट कव्हर
नवी गाडी घेतली की आपण आधी जाड कव्हर चढवतो. त्या कव्हरखाली बक्कल अर्धं झाकलं जातं, आयसोफिक्सचे हूक दिसेनासे होतात आणि गुळगुळीत कव्हरवर बूस्टर सरकते. निदान मुलाच्या जागेचं कव्हर काढून सीट लावून बघा. बऱ्याच जणांची तक्रार तिथेच मिटते.

७. आयसोफिक्स आहे का?
हे गाडीच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात तिथले लोखंडी हूक. बूस्टरला ते असायलाच हवेत असं नाही, कारण मुलाला बेल्टच धरतो. पण हूक अडकवले की सीट हलत नाही आणि मूल नसताना रिकामी बूस्टर जागेवर राहते. हूक नसलेल्या गाडीत रिकाम्या बूस्टरलाही बेल्ट लावून ठेवा. नाहीतर जोरात ब्रेक लागला की ती उडून कुणालाही लागू शकते.

८. पुढची सीट?
मुलांची जागा मागेच. पुढची एअरबॅग मोठ्या माणसाचा विचार करून बनवलेली असते आणि ती फार जोरात उघडते. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगसमोर कधीच लावायची नाही.

मूल बसवून बघा

सीट घेण्याआधी मुलाला घेऊन दुकानात जा आणि सीट स्वतःच्या गाडीत लावून मागा. ऑनलाइन घेत असाल तर परत घेण्याची अट आधी वाचा आणि सीट बसते आहे याची खात्री होईपर्यंत खोका, पिशव्या टाकू नका. मुलाला बसवलं की हे बघा:

• कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या भागावर, कमरेच्या हाडाला लागून आहे.
• खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध जातो, मानेला किंवा दंडाला लागत नाही.
• पट्ट्याला कुठेही पीळ नाही.
• मूल पुढे वाकून परत मागे टेकलं की पट्टाही आपोआप मागे जातो. खोबणीत अडकून सैल राहत नाही.
• मूल पाठ टेकून आरामात बसतं, घसरून पुढे येत नाही.

शेवटचे दोन मुद्दे गाडी उभी असताना पाच मिनिटांत तपासून होतात, पण बहुतेक जण ते तपासत नाहीत. पट्टा खोबणीत अडकत असेल, तर दुसरी सीट बघा.

जुनी सीट घ्यावी का?

नात्यातली सीट मिळत असेल तर पैसे वाचतात. पण ती अपघात झालेल्या गाडीत होती का, हे स्पष्ट विचारा. अपघातातली सीट वरून धड दिसली तरी वापरू नये. लेबल, माहितीपुस्तक आणि सगळे भाग आहेत का बघा. सीटवर वापराची मुदत दिली असेल तर तीही वाचा. अनोळखी माणसाकडून घेताना हे कळायला मार्ग नसतो, त्यामुळे टाळलेलंच बरं.

गाडीला पाच तारे आहेत, मग?

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपच्या चाचण्या सुरू झाल्या. त्यात मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण आहेत आणि त्यांपैकी १२ गुण मुलांच्या सीट्स गाडीत नीट बसतात का याला आहेत. चाचणीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या बाहुल्या सुरक्षा सीटमध्ये बसवलेल्या असतात. म्हणजे ते तारे सीटमध्ये बसलेल्या मुलाचे आहेत. मांडीवर बसलेल्या मुलाला ते लागू नाहीत.

घरच्यांना आणि मुलाला कसं पटवायचं?

आजी-आजोबांना वाटतं, पोराला बांधून ठेवलंय. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना मुलाच्या शेजारी बसवा. बूस्टरवर बसलं की मुलाला खिडकीबाहेरचं दिसतं आणि ते रमतं. आजीचा हात धरून बसलं तरी चालतं, बेल्ट लावलेला असला की झालं. मुलाला बक्कल स्वतः लावू द्या, ‘टिक’ आवाज आला की मगच गाडी निघणार असा नियम करा. तो नियम मागे बसणाऱ्या मोठ्यांनाही लावा. आई-बाबा बेल्टशिवाय बसले, तर मूल का ऐकेल?

शाळेपुरतं जायचं असो की घाट उतरायचा असो, सीट दोन्ही वेळा लावा. ‘जवळच तर जायचंय’ म्हणून एकदा सूट दिली, की पुढच्या वेळी मूल तीच आठवण करून देतं.

बूस्टर कधी सोडायची?

वाढदिवस बघून नको. मुलाला बूस्टरशिवाय गाडीत बसवा. पाठ पूर्ण टेकली, गुडघे सीटच्या कडेवर सहज वाकले, पाय खाली टेकले, कमरेचा पट्टा मांड्यांवर आणि खांद्याचा पट्टा खांद्याच्या मधोमध आला, आणि सगळा प्रवास मूल तसंच बसू शकलं, तर बूस्टरचं काम संपलं. यातलं एक जरी जमलं नाही, तर अजून काही महिने थांबा. एका गाडीत जमलं म्हणून मामाच्या गाडीतही जमेल असं नाही, तिथेही एकदा बघा.

पुढच्या सुट्टीचं सामान भरायच्या आधी, या रविवारी मोजपट्टी घेऊन मागचं दार उघडा. गादीची रुंदी मोजा, बक्कल कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मुलाची उंची आणि वजन लिहून घ्या. इतकी माहिती हातात असली, की दुकानदाराने कितीही सीट्स दाखवल्या तरी तुमच्या गाडीची कोणती ते तुम्हाला लगेच कळेल.