जिवंत जन्म, अपुरी फुप्फुसे

वीस आठवडे उलटल्यानंतरच्या गर्भपातात डॉक्टरांच्या मनात एक धास्ती असते. गोळ्यांनी कळा सुरू केल्या की होते ती प्रसूतीच; गर्भ जिवंत बाहेर येऊ शकतो. नाळेत ठोके लागतात, एखादा श्वास घेतला जातो, पाय हलतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार यांतली एक खूण दिसली तरी तो जिवंत जन्म, मग आठवडे कितीही भरलेले असोत. अमेरिकेने २००२ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने केलेल्या कायद्यात जवळपास हीच लक्षणे घेतली आणि असे अर्भक कायद्याच्या लेखी ‘व्यक्ती’ ठरवले. शिक्षा मात्र कुठलीच सांगितली नाही.

जिवंत असणे वेगळे, जगणे वेगळे. हृदय सहाव्या आठवड्याच्या सुमारास धडधडू लागते, फुप्फुसे मात्र फार रेंगाळतात. विसाव्या आठवड्यात हवेच्या नळ्या असतात, पण रक्तात प्राणवायू उतरेल असे पातळ भिंतींचे कप्पे नसतात. ते चोविसाव्याच्या आगेमागे घडू लागतात, आणि त्याच सुमारास सर्फॅक्टंट हा स्निग्ध द्रव तयार होऊ लागतो. तो नसेल तर कप्प्यांच्या भिंती ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसारख्या एकमेकींना चिकटतात. बालरोगतज्ज्ञ मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांतली ही उणीव दाखवून दिली. पुढे सर्फॅक्टंट नळीवाटे देता येऊ लागले आणि जगण्याची सीमा अठ्ठावीस आठवड्यांवरून चोविसाच्याही खाली आली.

आपल्याकडे गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने त्यापुढेही. अशा उशिराच्या गर्भपाताआधी सोनोग्राफीत पाहून गर्भाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड टोचून ठोके थांबवता येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या एका प्रकरणात एम्सच्या डॉक्टरांनी नेमके हेच विचारले होते: ठोके थांबवायचे का? गर्भात व्यंग नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली.

मला मुंबई उच्च न्यायालयाचा एप्रिल २०१९ चा निकाल अधिक व्यवहारी वाटतो. न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांनी सांगितले की मूल जिवंत जन्मल्यास त्या परिस्थितीत मिळू शकतील ते उत्तम उपचार देणे ही डॉक्टर आणि रुग्णालयाची जबाबदारी. आईवडील सांभाळायला तयार नसतील तर राज्याची, बाल न्याय कायद्याला धरून. काचेच्या पेटीतले बाळ पुढे वाढवणार कोण, हे अमेरिकी कायदा विचारतही नाही. आता अडचण साधनांची आहे. सव्वीस आठवड्यांच्या बाळाला लागणारा व्हेंटिलेटर आणि तो चालवणारी माणसे प्रत्येक सरकारी रुग्णालयात नसतात, म्हणून असा गर्भपात कुठे करायचा हे त्या सोयी पाहूनच ठरवायला हवे.